गड, गढी आणि ठिकरी

मागच्या डिसेंबरात नागपूरला सासरकडच्या एका लग्नाला गेलो होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक विचित्र रिकामा वेळ असतो बघा, गाडी रात्रीची, बॅगा भरून झालेल्या, बायका अजून कुणी काय आहेर केला यात आणि पुरुष पेपरात. त्या वेळात मी आणि माझी लेक मनू रिक्षा करून जुनापाणीला गेलो. काटोल रोडला आहे ते, गावाबाहेर. रिक्षावाले दादा दोनदा म्हणाले, "मॅडम, तिकडं कायले जाता, नुस्ते गोटे हायेत."

आणि खरंच नुसते गोटेच आहेत. उघडं माळरान, मधेमधे झुडपं, आणि काळ्या दगडांची वर्तुळं. म्हणजे वर्तुळ म्हणून बघायला गेलं तरच वर्तुळ दिसतं, नाहीतर शेतातून वेचून बाजूला टाकलेले धोंडे वाटतात. काही दगड अर्धे मातीत गेलेत, काही कुणीतरी उचलून नेलेत, त्यामुळे तोंडातले दात पडल्यासारखे मधे खड्डे. इथे अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत म्हणतात. १८६७ साली रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातली काही खणून बघितली, आणि तेव्हापासून हे लोकांना माहीत आहे, म्हणजे ज्यांना माहीत आहे त्यांना. विदर्भात अशी वर्तुळं बऱ्याच ठिकाणी आहेत, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट, आणि त्यांच्या पोटातून काय काय निघालं, तर लाल-काळी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याच्या तोंडात अडकवायच्या लगामाच्या कड्या. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी रचलेले दगड आहेत हे.

एका दगडावर बारीक वाटीसारखे खळगे होते, ओळीने कोरलेले. मनूने त्यात एकेक बोट घालून बघितलं, प्रत्येक खळग्यात तिचं बोट पहिल्या पेरापर्यंत बसत होतं. ते कशासाठी केले असतील यावर अभ्यासकांनी बरंच डोकं चालवलंय, दिशांशी संबंध लावून बघितलाय. मनूचं म्हणणं, सागरगोटे ठेवायला.

पंधरा-वीस मिनिटं थांबलो असू. रिक्षावाले दादा बीडी ओढत उभे होते, आम्ही परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर "सांगितलं नव्हतं का" असं स्पष्ट लिहिलेलं. खोटं कशाला सांगू, मलाही थोडं तसंच वाटलं होतं. आत काही वाटायला पाहिजे असं मनाशी ठरवून गेलं की काहीच वाटत नाही. पण रात्री गाडीत बर्थवर पडल्यावर मला एकच गोष्ट सारखी आठवायला लागली. ही वर्तुळं रचणारी माणसं राहत कुठे होती? त्यांची घरं माती-कुडाची, ती पावसात विरघळून गेली. जिवंत माणसांना माती आणि मेलेल्यांना दगड. आपल्याकडे बिल्डर नेमकं उलटं करतो.

हे सगळं नाशिकला आल्यावर मामांना सांगितलं. मामा सत्तरीचे आहेत, टेलिफोनमधून रिटायर, आणि पक्के जुन्या नाशिकचे. म्हणजे ज्यांना कॉलेज रोड हे नाशिक वाटतच नाही असे. त्यांच्या मते नाशिक म्हणजे नऊ टेकड्या, म्हसरूळ टेक, डिंगरअळी, चित्रघंटा अशी नावं पटापट घेतात आणि बाकी सगळं 'मळे होते तिथे'. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन हजार वर्षांपूर्वीचं बघायला एवढं तिकीट काढून नागपूरला गेलीस? अगं, आम्ही गढीवरच्या खापरांनी ठिकऱ्या खेळायचो."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत.

मग ठरलं, एका रविवारी मामांबरोबर फिरायचं. मनूला किल्ला पाहिजे होता कारण शाळेत दिवाळीत केलेला किल्ला रामशेज होता आणि तो खरा कसा दिसतो हे तिला बघायचं होतं. मामांना गढी दाखवायची होती. मी म्हटलं सकाळी रामशेज, उन्हं कलली की गढी. मधे मिसळ झाली, तिच्यावर मी लिहिणार नाही, नाशिकच्या मिसळीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रामशेज तसा घरचाच किल्ला. पेठ रोडने गेलं की आशेवाडी, शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटर, आणि वर जायला आमच्यासारख्यांना पाऊण तास. लांबून बघितलं तर एवढासा. साल्हेरसारखा आकाशात घुसलेला नाही की हरिहरसारख्या छाती दडपवणाऱ्या पायऱ्या नाहीत. माझा नवरा तर याला 'मॉर्निंग वॉकचा किल्ला' म्हणतो. पण या एवढ्याशा डोंगराने औरंगजेबाच्या फौजेला पाच-साडेपाच वर्षं झुलवलं, हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की वर चढताना आपोआप ती गोष्ट सांगायला तोंड उघडतं.

मी मनूला सांगायला लागले. १६८२ मध्ये शहाबुद्दीन खान आला, त्याला वाटलं दोन-चार दिवसांत किल्ला घेऊ. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या तर मराठ्यांनी झाडांचे बुंधे कोरले, त्यांना कातडं चढवलं आणि त्या लाकडी तोफा उडवल्या, आणि हे आपल्या कुणी पोवाड्यात रंगवून सांगितलेलं नाही, खाफीखान नावाच्या मोगलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मग खानाने किल्ल्यापेक्षा उंच होईल असा लाकडाचा दमदमा उभा केला. तरी जमेना. मग दुसरा खान आला, बहादूरखान. त्याला एक मांत्रिक भेटला, म्हणाला शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, तो हातात घेऊन मी पुढे चालतो, किल्ल्यावरून कुणाचा हात उठणार नाही. खानाने दिला करून! मांत्रिक नाग घेऊन चालायला लागला आणि वरून गोफणीचा एक दगड येऊन बरोबर छातीवर बसला.

"मग नागाचं काय झालं?" मनू.

हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता.

"खाली पडला," मामा म्हणाले, ते दोन पायऱ्या मागे होते आणि गुडघ्यावर हात ठेवून थांबले होते. "आणि मग कुणाच्या तरी घरी गेला. शंभर तोळे आहे, पडून राहतोय होय."

शेवटी किल्ला गेला तो लढून नाही, किल्लेदार बदलला आणि पैसे पोचले. हा भाग मी मनूला भरभर सांगितला. सगळेच भरभर सांगतात.

वाटेत रामाची गुहा लागते, शेजारी पाण्याचं टाकं. रामाने इथे विश्रांती घेतली म्हणून रामाची शेज, रामशेज. मामांनी तिथे बसून पाणी प्यायलं आणि जाहीर केलं की तेही इथेच शेज घालणार, आम्ही वर जाऊन यावं. मग मी आणि मनूच वर गेलो. वर टाकी आहेत, चोरदरवाजा आहे, वाड्यांचे नुसते चौथरे उरलेत, भगवा आहे आणि सेल्फीची रांग आहे. त्या दिवशी वर साठ-सत्तर माणसं तरी असतील. एक ग्रुप घोषणा देत होता, एक पोरांचा ग्रुप कचरा गोळा करत होता, मोठ्या काळ्या पिशव्या भरून, त्यांचं खरंच कौतुक आहे, दर महिन्याला येतात म्हणाले. शेजारच्या बोरगडावरचं एअरफोर्सचं रडार स्वच्छ दिसत होतं. मी मनूला म्हटलं, बघ, टेहळणीची जागा बदललेली नाही, फक्त माणसाच्या जागी मशीन आलं.

परतताना मनूने मला हाक मारली, "आई, वर्तुळ!" आणि खरंच, एका चौथऱ्याच्या आडोशाला सात-आठ दगड गोल मांडलेले होते. ती गुडघ्यावर बसून एकेक दगड बघत होती, खळगे आहेत का म्हणून. एका बाजूने दगड काळे होते. मधे राख होती, आणि राखेत मॅगीचा मसाला, ती छोटी चांदीची पुडी.

"किती जुनं असेल?"

"मागचा रविवार."

त्यावर ती जी हसत सुटली ती खाली गुहेपर्यंत. पण थोडं पुढे गेल्यावर एकावर एक रचलेले दगड दिसले, ही आपल्याकडे सगळ्या डोंगरांवर दिसणारी गोष्ट, पाच-सहा चपटे दगड एकावर एक, मनात म्हणायचं घर होऊ दे. मनूने पण एक रचलं. मी विचारलं नाही काय मागितलं. मला एकदम ते जुनापाणीचं माळरान आठवलं, आणि वाटलं की दगड दिसला की तो उचलून दुसऱ्या दगडाजवळ ठेवायचा ही माणसाची खोडच असणार, कारण नंतर सुचतं.

चार वाजता गढी.

नाशिककरांनाही सांगावं लागतं कुठे म्हणून, त्यामुळे सांगते. गोदावरीच्या काठाने जुन्या नाशकात, अमरधामकडे जायचं, तिथे नदीच्या बाजूला एक मोठा मातीचा उंचवटा आहे. काझी गढी म्हणतात, जुने लोक मातीची गढी म्हणतात. खालून बघितलं तर मातीचा सरळ तुटलेला कडा आणि वर घरं. टीव्हीवर ती दर पावसाळ्यात येते, गढीचा भाग खचला, रहिवाशांना नोटिसा, धोकादायक घरं. बास, एवढ्याच बातमीपुरती गढी आपल्याला माहीत. मी पस्तीस वर्षं या गावात राहते आणि त्या दिवसापर्यंत मला तो टेकाड वाटत होता, निसर्गाने केलेला.

तो निसर्गाने केलेला नाही, निदान वरचा भाग तरी. माणसांनी केलाय, आणि मुद्दाम नाही केला. घर बांधायचं मातीचं, ते पडायचं, त्याच्यावर दुसरं बांधायचं, चुलीतली राख, फुटलेली मडकी, हाडं, केर सगळं तिथल्या तिथे, असं करत करत जमीन वर चढत गेली. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. वरून खाली जाताना आधी मराठा आणि मुसलमानी काळ, मग सातवाहन, आणि सगळ्यात खाली तांबं आणि गारगोटीची बारीक पाती वापरणारी माणसं. त्यांची मडकी संगमनेरजवळच्या जोर्व्याला सापडलेल्या मडक्यांसारखी होती म्हणून त्यांना जोर्वे संस्कृती म्हणतात. म्हणजे साधारण तीन हजार वर्षं, किंवा थोडी जास्तच. आपण पांडवलेणी दाखवून पाहुण्यांना सांगतो की दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात नासिक हे नाव आहे, आणि ते आहेच, चैत्याच्या दारावर नाशिककरांनी दिलेल्या दानाचा लेख आहे. पण तो लेख खोदला गेला तेव्हा ही गढी हजार वर्षांची म्हातारी होती.

मामांचे वडील सांगायचे म्हणे, पुण्याहून माणसं आली होती, उभा चौकोनी खड्डा खणला आणि खापरं पाण्यात धुवून धुवून वाळत घालायची. गल्लीत बातमी अशी की सोनं सापडलंय आणि सांगत नाहीयेत. मामांचा जन्म त्याच्या नंतरचा. त्यांच्या वाट्याला पडीक कडा आला आणि त्यात अडकलेली खापरं. "पावसाने दरड धुतली की खापरं वर यायची. आम्ही काढायचो. चांगलं पातळ, कडक खापर बघायचं, पायरीवर घासून गोल करायचं. शाळेजवळच्या पोरांकडे कौलाच्या ठिकऱ्या असायच्या, त्या दुसऱ्या घरात पडल्या की फुटायच्या. आमची कधी फुटली नाही."

आम्ही खालच्या बाजूने कड्याजवळ गेलो. जास्त जवळ नाही, वरून ढेकळं येतात. कडा म्हणजे अक्षरशः कापलेला केक, पट्टे दिसतात, पिवळसर माती, मग राखाडी, मग काळपट, मग परत पिवळी, आणि सगळ्यांत खापरांच्या कडा बाहेर डोकावतायत. मधेच एक नव्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, तोही तसाच दाबला गेलेला. पायाशी ढासळलेल्या मातीत एक खापर पडलं होतं, माझ्या तळहाताएवढं. मी उचललं. मी सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे, रोज व्हर्नियर हातात असतो, त्यामुळे पहिल्यांदा मी काय केलं तर त्याची जाडी अंगठ्याने चाचपली. सगळीकडे सारखी, पाच मिलिमीटरच्या आसपास, कुठे फुगवटा नाही. बाहेरून नारिंगी-लाल, आत करडी माती, आणि नखाने टिचकी मारली तर मडक्यासारखा बद्द आवाज नाही, कपासारखा टण् आवाज. आतल्या बाजूला बारीक आडव्या रेघा होत्या, चाकावर फिरताना कुणाची तरी बोटं टेकलेल्या. जोर्व्याची भांडी चाकावरची, चांगली भाजलेली आणि अशीच खणखणीत असतात, लाल अंगावर काळी नक्षी, काहींना तोटी. आमच्या खापरावर नक्षी नव्हती. ते तीन हजार वर्षांचं असेल किंवा दोनशे वर्षांचं, मी शपथेवर सांगणार नाही. पण ज्याने केलं त्याला मी आमच्या लाइनवर लगेच घेतलं असतं.

मनूने ते खिशात घातलं. मी काढायला लावलं. संरक्षित जागा आहे, इथलं काही न्यायचं नाही, असं मी तिला सांगितलं, आणि मामा दुसरीकडे बघत गालात हसत होते, कारण त्यांच्या पिढीने घासून घासून किती सातवाहन संपवले असतील कुणास ठाऊक. पण एक गंमत सांगते. आपल्याकडे जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत घासून गोल केलेल्या खापराच्या चकत्या सर्रास सापडतात. म्हणजे मामांच्या आधीही कुणीतरी त्याच्या आधीच्याचं फुटकं मडकं घेऊन दगडावर घासत बसलंच होतं.

"आणि यांचे गोल दगड कुठेत?" मनूने विचारलं. तिच्या डोक्यात नागपूर पक्कं बसलेलं. "मेलेली माणसं कुठे ठेवायचे?"

हे मला माहीत होतं आणि सांगू की नको असं झालं. या जोर्वेवाल्यांची गावं नेवाशाला, इनामगावला नीट खणली गेली आहेत, तिथे कळलं की ते आपली माणसं घरातच पुरायचे. अंगणात किंवा सरळ राहत्या घराच्या जमिनीखाली. आणि लहान मूल गेलं तर दोन मडकी घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायचे, आणि त्यात मूल. मग वर जमीन परत चोपायची, सारवायची आणि त्याच्यावर चूल पेटवायची, झोपायचं, दुसऱ्या पोरांना खेळवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनू दोन वर्षांची होती आणि मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आता तसं वाटत नाही. विदर्भातल्या त्या माणसांनी गावाबाहेर माळावर धोंडे ओढत नेले, ते मोठं काम आहे, चार गावांनी बघावं असं. हे दुसरं कुणी बघण्यासाठी नाहीच. बाळ बाहेर अंधारात नको, घरात राहू दे, एवढंच.

मनूला मी सांगितलं, सगळं नाही, पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग त्यांना घर सोडून कसं जाता येत असेल?"

वर गेलो. वर साध्या गल्ल्या आहेत, घरं दाटीवाटीने, पत्रे, गच्चीवर डिश अँटेना, दोरीवर युनिफॉर्म वाळत घातलेले. आमच्याकडे कुणी फार बघितलं नाही. इथे ना भगवा, ना घोषणा, ना कचरा गोळा करणारी पोरं, आणि मला खरं सांगायचं तर राग आला, आधी लोकांचा, मग स्वतःचा. रामशेजवर मी दहा वेळा गेले असेन. त्याला गोष्ट आहे ना, खान आहे, मांत्रिक आहे, सोन्याचा नाग आहे. गढीला राजाही नाही आणि लढाईही नाही, नुसती तीन हजार वर्षं भाकऱ्या थापलेल्या. आणि जुनं वाचवा म्हणणाऱ्या माझ्यासारखीला तरी काय तोंड आहे, कारण वाचवायचं म्हणजे या घरांनी उठायचं, आणि गढी जर काही असेल तर ती लोक इथे राहतच राहिले म्हणून आहे.

कड्याच्या अगदी टोकाला एक घर होतं, मागे वीतभर अंगण आणि मग खाली एकदम नदीकडचा उतार. एक आजी अंगण झाडत होत्या. मामांनी ओळख काढायचा प्रयत्न केला, "इथं पूर्वी ते चिंचेचं झाड होतं ना", त्यांनी फक्त मान हलवली, होतं. मामा म्हणाले, आम्ही इथे ठिकऱ्या खेळायचो. आजी म्हणाल्या, खेळत असाल. मग त्यांनी केर गोळा केला, चुलीची राख होती, कांद्याची सालं, एक फुटका कप, सगळं सुपलीत भरलं, दोन पावलं पुढे जाऊन कड्यावरून खाली टाकलं आणि सुपली भिंतीवर आपटून झाडली.

मनू हळूच पुढे होऊन खाली बघायला लागली, कप कुठे पडला ते. आजींनी तिचा दंड धरून मागे ओढलं.

"माती पोकळ आहे तिथली, कडेला जाऊ नको," आणि मग माझ्याकडे बघून, "काय शूटिंग-बिटिंगला आलात का?"

"नाही हो आजी, नुसतं बघायला."

"आत्ता काय बघता. आषाढात या. रात्रीचं या. मग दाखवते."

त्या आत गेल्या आणि आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.